देवाला 'अहो' की 'अरे'? प्रार्थनेत देवापुढे जायचं तरी कसं

नेवासेकरीण

सलाम मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं घर नेवासे तालुक्यातलं, पणजोबांपासून ख्रिस्ती. रात्री जेवणाआधी कुटुंब-प्रार्थना ठरलेली. एक गीत, एक उतारा, मग पप्पांची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पप्पांची प्रार्थना गावातल्या विधवा, अनाथ, आजारी असं करत दिल्लीतल्या राज्यकर्त्यांपर्यंत जायची आणि मग आमच्याकडे परत यायची. तोवर कालवण गार झालेलं असायचं.

गेल्या वर्षी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. शब्द असतात, पण उमटत नाहीत. ओळखीतून एक प्रार्थना-गट घरी आला. त्यातल्या एका भावाने पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला आणि "ऊठ, चाल" अशी तीनदा आज्ञा केली. पप्पा भिडस्त माणूस. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी खरंच उठायचा प्रयत्न केला आणि पलंगावरून घसरले. आम्ही धरलं. निघताना तो भाऊ आईला म्हणाला, "घरात कुठेतरी अविश्वास आहे."

तेव्हापासून आईची प्रार्थना बंद आहे. चर्चला येते, गाते, पण मान खाली घातली की म्हणते, "मला परीक्षेला बसल्यासारखं होतं गं. नापास तर मी आधीच झालेय."

मला वादविवाद नकोय. साधा प्रश्न आहे. देवापुढे आपण जायचं ते कोण म्हणून? भिकारी म्हणून, लेकरू म्हणून, की हक्कदार म्हणून? बायबलातलं इब्री 4:16 सांगतं, धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. उपदेशक 5:2 सांगतं, देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर, तेव्हा मोजकं बोल. आईला यातलं कुठलं सांगू?

पाळकपुत्र

ताई, आधी पप्पांना सलाम सांगा.

मी पाळकाच्या घरात वाढलो, त्यामुळे प्रार्थना आतून-बाहेरून पाहिलीय. आमच्या वडिलांचे दोन आवाज होते. एक घरचा, एक प्रार्थनेचा. प्रार्थनेचा आवाज दीड पट्टी वर आणि त्यात 'कृपाळू', 'दयाघन', 'सनातन' हे शब्द एकामागून एक. लहानपणी मला वाटायचं, देवाला साधं मराठी कळत नसावं.

शिवाय आपल्याकडे प्रार्थनेतून सूचनाही दिल्या जातात. "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की येत्या रविवारी दुपारी तीन वाजता महिला मंडळाची सभा आहे आणि प्रत्येकीने डबा आणायचा आहे." देवाला ठाऊकच असेल तर हे कोणाला सांगतोय आपण?

मत्तय 6 मधलं 'खोलीत जा आणि दार लाव' हे आपण एकांतासाठी वापरतो. मला त्याचा अर्थ असा लागतो, की ऐकणारं दुसरं कोणी नसेल तेव्हा तुझा आवाज जसा असेल, तो आवाज घेऊन ये. वडिलांना निवृत्तीनंतर एकदा पहाटे मी चोरून ऐकलं. ते म्हणत होते, "गुडघा लई दुखतोय रे बाबा." एवढंच. माझ्या मते ती त्यांची मी ऐकलेली सर्वांत चांगली प्रार्थना.

भोळासांब

मी ख्रिस्ती नाही, तरी विचारतो. तुम्ही देवाला 'तू' म्हणता की 'तुम्ही'? आमच्याकडे विठ्ठलाला सर्रास अरे-तुरे. तुकोबा तर भांडतात त्याच्याशी. तुमचा देव मात्र 'पिता', 'राजा', 'राजासन'... जरा ऑफिशियल वाटतो, म्हणून विचारलं. राग नसावा.

अल्फा_बीटा

भोळासांब, राग कसला, धाग्याचं शीर्षकच ते आहे.

मराठी प्रभूची प्रार्थना बघा : "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो." तुझे. हिब्रूत आणि ग्रीकमध्ये आदरार्थी अनेकवचनाची भानगडच नाही, राजालाही तू आणि नोकरालाही तू. मराठीत आणताना मात्र निवड करावीच लागते. आणि मौज अशी, की त्याच मराठी बायबलात शुभवर्तमानांतले लोक येशूशी बोलतात तेव्हा 'प्रभुजी' आणि 'आपण' म्हणतात. मत्तय 8 मधला कोढी म्हणतो, आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात. म्हणजे रस्त्यात भेटलेल्या गुरुजींना 'आपण' आणि स्वर्गातल्या देवाला 'तू'. भाषांतरकारांचा कान पक्का मराठी होता.

आता 'अब्बा'. हल्ली प्रवचनात हमखास ऐकू येतं, की अब्बा म्हणजे 'डॅडी', बाळाचे बोबडे बोल. जेम्स बार नावाच्या अभ्यासकाने 1988 मध्येच हे खोडून काढलं. मोठी माणसंही वडिलांना अब्बाच म्हणत. नव्या करारात हा शब्द तीनच ठिकाणी येतो : मार्क 14:36, रोमकरांस 8:15 आणि गलतीकरांस 4:6. तिन्ही ठिकाणी शेजारी ग्रीकमध्ये सरळ 'पिता' असा अर्थ दिलाय, 'बाबुडी' नाही. मार्कमध्ये तर तो गेथशेमाने बागेत येतो, अटकेच्या आधी येशू हा दुःखाचा प्याला टळो अशी विनवणी करताना. घाबरलेला मोठा मुलगा बापाला मारतो ती हाक आहे ती.

नेवासेकरीण

अल्फा, हे वाचून एक गंमत लक्षात आली. आमच्या घरी पप्पांना 'तुम्ही' आणि आईला 'तू'. जुन्या बहुतेक मराठी घरांत असंच. म्हणजे प्रार्थनेत आपण देवाला हाक मारतो 'पित्या' आणि सर्वनाम वापरतो आईचं!

भोळासांब

वा! म्हणजे माउलीच झाली की.

पाळकपुत्र

झालीच. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलंय. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आजही नगरकडच्या खेड्यातल्या उपासनेत पेटी, तबला, टाळ घेऊन त्यांची पदं गातात. वेदीसमोर सतरंजी, बायका पदर डोक्यावरून घेऊन एका बाजूला, चपला दाराबाहेर. आमचा देव ऑफिशियल वाटत असेल तर एकदा नगर जिल्ह्यात या.

दुबईस्थ

सगळं वाचलं. भाषेची चर्चा छान आहे, पण मूळ मुद्दा बाजूला पडतोय. प्रेषितांची कृत्ये 3:6 मध्ये येशूच्या शिष्याने, पेत्राने पांगळ्याला 'ऊठ, चाल' अशी आज्ञाच केली. गयावया केली नाही. याकोब 1:6 म्हणतो, संशय न धरता विश्वासाने मागावे. आपण राजाची मुलं आहोत, भिकाऱ्यासारखं का मागायचं? माझ्या डोळ्यांसमोर लोक बरे झालेत. त्या भावाची पद्धत चुकली असेल, पण वचन चुकीचं नाही.

अल्फा_बीटा

दुबईस्थ, पेत्राने आज्ञा केली हे खरं, पण पुढची ओळही वाचा. त्याने उजवा हात धरून त्याला उठवलं. तो पांगळा पडला असता तर पेत्रही त्याच्यासोबत पडला असता. आणि उठला नसता तर 'तुझ्या घरात अविश्वास' असं म्हणून पेत्र पुढे निघून गेला असता, असं मला वाटत नाही.

ताईंच्या घरी जे झालं त्याला नेमका लागू पडणारा उतारा मार्क 2 आहे. तिथेही अर्धांगवायूचाच माणूस. चौघं त्याला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही तेव्हा छप्पर उसकटतात. आणि पाचव्या ओव्या... सॉरी, वचनात येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो. आजाऱ्याने विश्वास धरला की नाही, याचा तिथे शब्दही नाही. तेव्हा विश्वासाची तपासणी करायचीच असेल तर ती बाज उचलून आणणाऱ्यांपासून सुरू करावी, बाजेवर पडलेल्यापासून किंवा त्याच्या बायकोपासून नाही.

अजून दोन. मार्क 9 मधला झटके येणाऱ्या मुलाचा बाप सरळ सांगतो, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. अर्ध्या विश्वासाचा माणूस, आणि पोरगं बरं झालं. आणि प्रेषित पौल? 2 करिंथ 12 मध्ये 'शरीरातला काटा' म्हणतो ते दुखणं जावं म्हणून तीनदा विनंती करतो आणि काटा तसाच राहतो. 2 तीमथ्य 4:20 मध्ये तो लिहितो, त्रफिमाला मी मिलेतात आजारी असताच ठेवून आलो. पौलाच्या घरात कुठे अविश्वास होता म्हणायचं?

इब्रीमधला 'धैर्याने' हा ग्रीकमध्ये 'पार्रेसिया'. अथेन्सच्या सभेत नागरिकाला मनातलं बेधडक बोलायची मुभा असे, तिला हा शब्द होता. यात हुकूम सोडायचा हक्क कुठेच नाही. लपवाछपवी न करता बोलायचा आहे.

दुबईस्थ

त्रफिमाचं माहीत नव्हतं. बघतो. पण तरी म्हणेन, की 'तुझी इच्छा असेल तर' ही पळवाट होऊ नये. आधीच मनाने हरलेला माणूस ती ओळ ढाल म्हणून वापरतो. मीही वापरलीय.

मुक्काम पोस्ट केडगाव

दुबईस्थांची बाजू थोडी घेतो, नाहीतर हा धागा मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांच्या विरोधात जाईल.

आमच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती झाली. शेकडो मुली आणि बायका एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. रडत होत्या, पापं कबूल करत होत्या. तेव्हाही बाहेरच्या कितीकांना हा गोंधळ वाटला. पण त्या कोण होत्या ते बघा. बालविधवा, दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी. आयुष्यभर त्यांना 'हळू बोल' एवढंच सांगितलेलं. त्यांनी देवापुढे पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आवाज मोठा निघाला, यात नवल काय? रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल भाषांतरित केलं तेही अशाच बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत. ते छापून पूर्ण झालं 1924 ला, त्या 1922 लाच गेल्या होत्या.

आवाज मोठा असण्यात काही वाईट नाही. ज्याचं दुःख आहे त्याने ओरडावं. दुसऱ्याच्या दुःखावर आपला आवाज चढवू नये, एवढंच.

वसईचा वारा

उशिरा आलो. मी कॅथलिक, त्यामुळे वेगळ्या गल्लीतून बोलतो.

तुम्हा मंडळींच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत आहे, की प्रार्थना म्हणजे स्वतःचे शब्द. आमच्या आजीकडे स्वतःचे शब्द नव्हतेच. संध्याकाळी अँजेलसची, म्हणजे प्रार्थनेची घंटा झाली की अंगणात जिथे असेल तिथे उभी. रात्री जपमाळ. दहा-दहा मण्यांची पाच दशकं आणि सुरुवातीचे तीन धरून त्रेपन्न वेळा 'नमो मरिया'. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज 1963 चा, मराठी आमच्याकडे त्यानंतर आली. म्हणजे अर्धं आयुष्य ती न कळणाऱ्या भाषेत उत्तरं देत होती, आणि तीही बिनचूक.

मी कॉलेजात असताना शहाणपणा केला. म्हटलं, आजी, त्रेपन्न वेळा तेच तेच, येशूने व्यर्थ बडबड करू नका म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "पोरा, तुझा आजा समुद्रावर गेला की मी वाट बघत दारात बसायची. तेव्हा मला काय सुचणार होतं? माळ होती म्हणून रात्र सरायची."

नेवासेकरीण, तुमच्या आईला आत्ता स्वतःचे शब्द मागू नका. उसने शब्द द्या. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. येशूने क्रुसावरसुद्धा स्तोत्र 22 ची पहिली ओळच उच्चारली, नवीन काही रचलं नाही.

सायलेन्स प्लीज

स्तोत्र 88. वाचा. शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे काही नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलात आहे.

भोळासांब

वसईचा वारा, एक खवचट प्रश्न. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय, घर, बाळ वाहतात ते काय? आमच्या नवसासारखंच ना?

वसईचा वारा

अगदी तसंच, कशाला खोटं बोलू. सप्टेंबरच्या जत्रेत तर रांगा. माहीमला बुधवारचा नोव्हेना (मरियेची ठरलेली प्रार्थना) 1948 पासून चालू आहे, तिथे लोक चिठ्ठ्या लिहितात. 'नोकरी मिळाली, धन्यवाद' आणि 'नोकरी मिळू दे' एकाच पेटीत. त्यात तुमचे लोकही असतात, आमचेही.

मेणाच्या पायाला मी हसत नाही. माणसाला जिथे दुखतं तो अवयव घेऊन तो देवासमोर उभा राहतो, याहून प्रामाणिक काय असेल? बिघडतं ते पुढे, 'मी पाय वाहिला, आता तू पाय दे' म्हटल्यावर. शास्ते 11 मधल्या इफ्ताहाने असाच नवस केला आणि त्यात पोटची पोर गेली. नवस शमुवेलाच्या आईने, हन्नानेही केला, पण तिची गोष्ट वाचताना नवस लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते हे, की तिचे ओठ नुसते हलत होते आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. प्रार्थना ओळखण्यात धंदेवाईक माणसंच चुकतात, हे फार जुनं आहे.

पाळकपुत्र

"धंदेवाईक माणसं" – घरात दाखवतो हे :)

जिरेसाळ

सगळे मोठमोठं लिहिताहेत, माझं छोटं आहे. आमचा दिराशी बांधावरून वाद होता, सात वर्षं बोलणं नाही. दोन्ही घरं एकाच चर्चात, एकाच बाकावर पुढे-मागे. प्रभुभोजनाच्या रविवारी मला घास गिळत नसे. मत्तय 5:23 माहीत होतं, अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी भावाशी समेट कर. पण आधी त्याने यावं, असं मला वाटायचं. 1 पेत्र 3:7 तर नवऱ्यांना सांगतं, बायकोला मान द्या म्हणजे तुमच्या प्रार्थनेत अडथळा येणार नाही. हे वचन आमच्याकडे प्रवचनाला कधी घेतलेलं ऐकलं नाही हो.

मी शेवटी गेले एकदाची. जाऊबाईने चहा टाकला. बांध अजून तिथेच आहे, कोर्टात तारखाही चालू आहेत, पण चहा होतो. आणि प्रार्थनेला बसले की डोळ्यांसमोर त्यांचं दार येत नाही आता.

दुबईस्थ

@अल्फा, त्रफिम पाहिला. एकच ओळ आहे, काही कारण दिलेलं नाही, कोणाला दोषही नाही. 'आजारी होता, ठेवून आलो.' मी पंचवीस वर्षं बायबल वाचतोय आणि ही ओळ डोळ्यांखालून सटकली.

नेवासेकरीण ताई, तो गट कोणता ते माहीत नाही, पण आमच्यासारख्यांपैकीच. मीही दवाखान्यांतून अशा प्रार्थना केल्यात. मागे कोणाला काय वाटलं असेल ते कधी वळून विचारलं नाही. तुमच्या आईंना माझ्याकडून माफी सांगाल का?

नेवासेकरीण

सांगितली. मोबाइल हातात देऊन तुमचा प्रतिसादच वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि विचारलं, "दुबईत कुठं असतो हा? जेवणाचं काय करतो?" म्हणजे माफ केलं असं समजा.

संपादक

दोन अवांतर प्रतिसाद उडवले आहेत. कोणत्या पंथाचे किती टक्के स्वर्गात जातील यासाठी स्वतंत्र धागा काढावा. (काढू नये.)

नेवासेकरीण

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय.

वसईचा वारा, तुमचं ऐकलं. आईला 'प्रार्थना कर' म्हणणं सोडलं. रात्री जेवणाआधी मी एक स्तोत्र वाचते, 88 सुद्धा वाचलं. ते झाल्यावर ती म्हणाली, "हे बायबलात आहे? मग मला कोणी दाखवलं का नाही?" त्यानंतर काही दिवसांनी ती आपणहून प्रभूच्या प्रार्थनेत सामील व्हायला लागली. अजून स्वतःचे शब्द नाहीत, ते राहू देत.

पण एक झालंय आणि काय करावं ते कळत नाही. ती एक ओळ गाळते. "तुझे राज्य येवो" म्हणते आणि गप्प होते. "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे म्हणत नाही. मग "आमची रोजची भाकर" पासून पुन्हा आमच्याबरोबर. पहिल्यांदा वाटलं विसरली. पण रोज तिथेच थांबते. काही बोलू का?

अल्फा_बीटा

मुळीच नको. ती ओळ म्हणायला खुद्द येशूला गेथशेमानेत तीन खेपा लागल्या. आणि त्याआधी 'हा प्याला दूर कर' म्हणून झालं होतं. तुमच्या आईला अजून तेच म्हणू दिलेलं नाही कोणी.

जिरेसाळ

ती थांबते तेव्हा बाकीचे काय करतात?

नेवासेकरीण

मी आणि भाऊ पहिले काही दिवस पुढे म्हणत होतो, आमचे दोघांचेच आवाज. मग आमचेही आपोआप थांबले, कारण तिथे पप्पा असतात. त्यांना अख्खी प्रार्थना झेपत नाही, एरवी नुसते ओठ हलतात. पण आई गप्प झाली की ते ती ओळ मोठ्याने म्हणतात. 'स्वर्गात' नीट येत नाही, 'इच्छेप्रमाणे'ला फार वेळ लागतो. आम्ही थांबतो. आईही थांबते, डोळे उघडून त्यांच्याकडे बघत. त्यांचं झालं की "आमची रोजची भाकर" तीच सुरू करते.

कालवण गारच होतं अजून.